काट्याला न दिसलेली चरबी

जानेवारी २००४. लंडनहून निघणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाच्या १६३ व्या पानावर एक छायाचित्र छापून आलं. त्यात दोन डॉक्टर होते. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, जवळजवळ सारखाच: २२.३. जगभरच्या तक्त्यांत १८.५ ते २४.९ हा पट्टा निरोगी वजनाचा धरतात. त्या हिशेबाने दोघेही उत्तम. ‘वजन छान आहे, असंच ठेवा’ म्हणून कोणीही घरी पाठवलं असतं.

मग दोघांची डेक्सा तपासणी झाली. या तपासणीत दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण अंगावरून फिरवतात. हाड, स्नायू आणि चरबी ते किरण कमीअधिक शोषतात, आणि त्या फरकावरून यंत्र प्रत्येकाचा वाटा वेगळा काढतं. युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहूनही जास्त.

छायाचित्राबरोबर जेमतेम परिच्छेदभर मजकूर होता. त्यात लेखकांनी स्वतःची थट्टाही करून घेतली होती. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत ती धावत गाठणं! मात्र थट्टेला लागूनच खरी मेख होती: याज्ञिक जन्माला आले तेव्हा त्यांचं वजन कमी होतं. प्रौढ माणसाच्या चरबीचा धागा त्याच्या आईच्या पोटापर्यंत जात असावा, असं ते दोघे सुचवत होते. दोन आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या चित्राला ‘वाय-वाय विरोधाभास’ हे नाव पडलं.

या शोधाची सुरुवात पुण्यातल्या मधुमेहाच्या रुग्णांपासून झाली. पुढे तो सहा गावांतल्या बाळंतिणींच्या घरांत शिरला. आज त्याचा सर्वांत अवघड प्रश्न पुण्यापासून लांब, सातपुड्याच्या कुशीत, नंदुरबारसारख्या जिल्ह्यात उभा आहे.

खगोलशास्त्रज्ञाचं सूत्र

बीएमआयचं गणित शाळकरी पोरालाही जमेल. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, की झालं. हे नातं ज्याने प्रथम मांडलं तो अ‍ॅडॉल्फ केटले डॉक्टर नव्हता. तो बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ होता. ताऱ्यांच्या मोजमापांसाठी वापरायचं संख्याशास्त्र माणसांना लावून त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचं होतं. मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, ही त्याची १८३० च्या दशकातली नोंद. लठ्ठ कोण आणि निरोगी कोण, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच.

सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ मध्ये मिळालं, अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज यांच्या शोधनिबंधात. कीज यांना उपासमार जवळून ठाऊक होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात त्यांनी ३६ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून माणसाचं शरीर कसं झिजतं याचा अभ्यास केला होता. १९७२ च्या निबंधात त्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं तपासली आणि उंची-वजनाची वेगवेगळी गुणोत्तरं ताडून पाहिली. केटलेचं सूत्र इतरांपेक्षा वाईट नाही आणि वापरायला सोपं आहे, इतपतच त्यांचा निष्कर्ष होता. त्या पाच देशांत भारत नव्हता, आणि त्या हजारोंत एकही स्त्री नव्हती.

लाखो लोकांची पाहणी करायची असेल तर हे माप खरोखर कामाचं आहे. वजनकाटा आणि भिंतीवरची पट्टी एवढ्यावर भागतं. देशातल्या किती बायका हडकुळ्या आहेत, किती स्थूल, आणि दहा वर्षांत चित्र कसं पालटलं, हे त्यातून कळतं. अडचण येते ती एकट्या माणसाचं भविष्य त्यावरून सांगायला गेल्यावर. काट्यावर ज्वारीचं पोतं ठेवलं तर वजन बरोबर येतं, पण आत दाणा किती आणि खडे किती ते काटा सांगत नाही. माणसाच्या बाबतीत आत काय आहे यावरच सगळं अवलंबून असतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. स्नायू कमी आणि पोटात आतड्यांभोवती, यकृताभोवती चरबी जास्त, अशा शरीरात ती साखर लवकर जिरत नाही. स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं, आणि वर्षानुवर्षं हा ताण सोसून एक दिवस ते मागे पडतं.

पाठ्यपुस्तकात न बसणारे रुग्ण

याज्ञिकांनी मधुमेहाचं प्रशिक्षण ऑक्सफर्डला घेतलं. ऐंशीच्या दशकात ते पुण्याला केईएममध्ये काम करू लागले तेव्हा समोर बसलेले रुग्ण तिथल्यासारखे नव्हते. इंग्रजी पाठ्यपुस्तकातला टाइप-२ मधुमेहाचा रुग्ण म्हणजे उतारवयाचा, लठ्ठ माणूस. पुण्यातले रुग्ण त्याच्यापेक्षा दहाएक वर्षांनी तरुण आणि अंगाने बारीक. ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या मदतीने नव्याने निदान झालेल्या रुग्णांची पद्धतशीर पाहणी झाली. त्यांचा बीएमआय युरोपातल्या रुग्णांच्या मानाने कमी भरला, पण कंबर आणि नितंबाचं गुणोत्तर जास्त निघालं. वजन कमी असूनही जे होतं ते मध्यभागी साठलेलं होतं.

याचं उत्तर त्या काळात सहसा जनुकांत शोधलं जाई. जेम्स नील या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली होती: दुष्काळात जगवणारी जनुकं सुकाळात घात करतात. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांना हे पुरेसं वाटत नव्हतं. हर्टफर्डशरच्या जुन्या दप्तरांत सुईणींनी आणि आरोग्यसेविकांनी लिहून ठेवलेली जन्मवजनं होती. ती काढून बार्कर यांनी त्या बाळांचं म्हातारपणी काय झालं ते तपासलं. जन्मतः हलकी असलेली बाळं पुढे हृदयरोगाने जास्त मरत होती. १९९२ मध्ये निकोलस हेल्स आणि बार्कर यांनी सिद्धांत मांडला: पोटात असताना अन्न कमी पडलं तर गर्भ काटकसरीचं शरीर घडवतो, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

हे खरं असेल तर त्याची सर्वांत कठोर परीक्षा भारतातच व्हायला हवी होती. कमी वजनाची बाळं इथे जगात सर्वाधिक जन्मत होती, आणि मधुमेहही इथेच झपाट्याने वाढत होता. पुण्यात याज्ञिक आणि साउथॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल यांनी मिळून ही परीक्षा मांडली.

सहा गावं, एक चिमटा

१९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे माता पोषण अभ्यास’ सुरू झाला. केईएमला खेड्यांची सवय जुनी. बानू कोयाजी यांनी या रुग्णालयाचं काम वढू परिसरातल्या गावांत कधीच नेलं होतं, आणि त्याच १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नव्या अभ्यासाचं वेगळेपण असं, की बाईला दिवस गेल्यावर तिची नोंद करून भागणार नव्हतं. दिवस जाण्याआधीच तिची मापं हवी होती. म्हणून गावातल्या लग्न झालेल्या तरुण स्त्रियांच्या घरी दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख विचारायची, चुकली की तपासायचं, मग अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा वजन, उंची, आहार आणि शेतात-घरात पडणारं काम लिहून घ्यायचं. बाळ जन्मलं की ७२ तासांच्या आत ते नखशिखान्त मोजायचं.

या आयांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४२ किलो, बीएमआय १८.१. म्हणजे दिवस जाण्याआधी निम्म्याहून अधिक जणी जागतिक तक्त्याच्या खालच्या रेषेच्याही खाली. दिवसाला १८०० कॅलरींच्या आसपास खाऊन त्या रानातली कामं करत होत्या. त्यांची पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली. साउथॅम्प्टनमधली गोऱ्या आईबापांची बाळं ३.५ किलोची होती.

इथवर आश्चर्य काही नव्हतं. आई लहान, बाळ लहान. बाळ सगळ्या बाजूंनी सारखंच लहान असणार, आणि चरबी तर सर्वांत आधी गेली असणार, असं कोणालाही वाटलं असतं. उपाशी माणूस आधी चरबीच गमावतो.

चिमट्याने वेगळंच सांगितलं. बाळाच्या खांद्याच्या फऱ्याखाली त्वचेची घडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजतात. त्वचेखालच्या चरबीचा तो अंदाज असतो. पुण्याच्या ६३१ बाळांची मापं साउथॅम्प्टनच्या ३३८ बाळांशी ताडली तेव्हा पोटाचा घेर, म्हणजे आतल्या यकृतासारख्या अवयवांचा अंदाज, सर्वांत मागे पडलेला दिसला. दंडाचा घेर, म्हणजे स्नायू, त्याच्या पाठोपाठ. डोकं आणि लांबी त्या मानाने सावरलेली. आणि फऱ्याखालची ती घडी? ती साउथॅम्प्टनच्या बाळाच्या सर्वांत जवळ होती. पाऊण किलोहून अधिक हलक्या बाळाने स्नायू आणि अवयव गमावले होते, आणि चरबी मात्र राखली होती.

हा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बाळाला नाव दिलं होतं ‘थिन-फॅट’: दिसायला बारीक, आतून चरबीदार. त्याच्या आदल्या वर्षी पुणे आणि लंडनमधल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासून पुराव्याची आणखी एक कडी जोडली गेली होती. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. पुण्याची बाळं इतकी हलकी असूनही त्यांच्यातलं लेप्टिन लंडनच्या बाळांच्या तोडीचं होतं, आणि इन्सुलिन जास्त होतं. ज्या खुणा डॉक्टर चाळिशीच्या माणसात शोधत होते, त्या नाळ कापतानाच हजर होत्या.

आता याज्ञिकांच्या जन्मवजनाचा उल्लेख त्या छायाचित्राशेजारी का होता ते कळतं. पुण्याच्या बाळांत जे दिसलं होतं तेच मोठ्या माणसात कसं दिसतं, हे दाखवायला त्यांनी स्वतःलाच उभं केलं होतं.

रेघ कुठे ओढायची?

योगायोग पाहा. ‘लॅन्सेट’च्या त्याच अंकात, छायाचित्राच्या अगदी आधीच्या पानांवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाचा अहवाल होता. आशियाई लोकांसाठी बीएमआयची वेगळी रेघ ओढावी का, यावर हा गट २००२ मध्ये सिंगापूरला बसला होता. त्याच बीएमआयला आशियाई शरीरात चरबी जास्त असते आणि २५ च्या आतही मधुमेहाचा धोका वाढतो, हे त्यांना मान्य होतं. पण आशिया म्हणजे एक शरीर नव्हे. देशोदेशी धोक्याची पातळी वेगवेगळी दिसत होती. अखेर जुनी रेघ कायम ठेवून २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे त्यात घातले गेले.

भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमताने ठरवलं: इथे २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा. जोडीला कंबरेचा घेर, पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत. जानेवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या आयोगानेही सांगितलं, की एकट्या बीएमआयवरून लठ्ठपणाच्या आजाराचं निदान करू नये. कंबर मोजा किंवा चरबी थेट मोजा.

रेघ खाली आणल्याने अर्धा प्रश्न सुटला. २४ चा माणूस आता निर्धास्त राहत नाही. उरलेला अर्धा प्रश्न मात्र रेषेच्या पार दुसऱ्या टोकाला होता, आणि तो समोर यायला त्या सहा गावांतली बाळं मोठी व्हावी लागली.

अठरा वर्षांनी

अभ्यास थांबला नव्हता. मुलं सहा वर्षांची झाली, बारा वर्षांची झाली. प्रत्येक टप्प्यावर साखर, इन्सुलिन आणि चरबी मोजली गेली. सहाव्या वर्षीच्या तपासणीतून २००८ मध्ये एक महत्त्वाचा दुवा मिळाला. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला न जुमानण्याची खूण सर्वांत ठळक होती. आधीच्या एका निबंधात, पुण्याच्या आघारकर संस्थेच्या शोभा राव यांच्या पुढाकाराने, हेही दिसलं होतं की पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. नुसत्या कॅलरींपेक्षा ताटात काय होतं त्याला वजन होतं.

मग मुलं अठरा वर्षांची झाली. ६१९ जणांची ग्लुकोज चाचणी झाली, आणि निकाल २०२१ मध्ये छापून आले. ४८ टक्के मुलामुलींचा बीएमआय १८.५ च्या आत होता; तक्त्याच्या भाषेत ती कमी वजनाची. तरीही मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांच्या रक्तातली साखर ठीक नव्हती. मधुमेह म्हणावा असा रुग्ण एकच होता, बाकीचे त्या वाटेवर होते. गावात वाढलेली, काटकुळी, अठरा वर्षांची पोरं. आणि ज्यांची गर्भातली वाढ कमी झाली होती त्यांच्यात हा धोका अधिक दिसला.

एका पिढीचं खाणं सुधारलं की हे पुसलं जातं का? उंदरांवरचा एक प्रयोग यात फार बोलका आहे. आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. याज्ञिकही त्यांत होते. उंदरांच्या तब्बल पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढवल्या होत्या. त्यांच्यात इन्सुलिन वाढलेलं, बी-१२ घटलेलं. मग पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खायला दिलं, तरी बिघाड दुरुस्त झाला नाही.

सगळा दोष आईच्या ताटाला देऊन मोकळं होता येत नाही, हेही सांगायला हवं. २०१९ मध्ये केंब्रिजच्या एमा पॉमेरॉय आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातले प्राचीन मानवी सांगाडे तपासले. अंगात मांस कमी असण्याची ठेवण या प्रदेशात निदान ११ हजार वर्षांपासूनची आहे, असं त्यांना आढळलं. म्हणजे जनुकांचा, हवामानाचा वाटाही असणार. पण जनुकं बदलता येत नाहीत. ताट बदलता येतं.

सातपुड्याच्या पाड्यांवर

आता नंदुरबारकडे येऊ. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथले ६९ टक्के लोक आदिवासी आहेत: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत नंदुरबार होता. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली कुपोषित बालकं अधूनमधून मुंबईच्या वर्तमानपत्रांतही पोचतात. इथल्या अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, साडेबारापर्यंत पिवळा. लाल म्हणजे ‘सॅम’, अतितीव्र कुपोषित बालक. त्याला ग्राम बाल विकास केंद्रात किंवा दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं.

सरकारी कामकाजात कुपोषणाचं दप्तर वेगळं आणि मधुमेहाचं वेगळं. एक महिला व बालविकासाचं, दुसरं असंसर्गजन्य आजारांचं. लोकांच्या डोक्यातही तसंच आहे: कुपोषण पाड्यावर, शुगर शहरात. पुण्याच्या सहा गावांनी दाखवलं ते असं, की ही दोन दप्तरं एकाच माणसाची असू शकतात, काही वर्षांच्या अंतराने.

सोपं गणित करून पाहू. १५० सेंटिमीटर उंचीची, ४० किलो वजनाची बाई घ्या. बीएमआय १७.८. ही बाई घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाते, नंतर सुरतेसारख्या शहरात टिकते, चालणं आणि रानातलं काम सुटतं, चहा-बिस्किट आणि पॉलिशच्या तांदळाचा भात वाढतो. काही वर्षांत ती ५० किलोची होते. बीएमआय २२.२. तक्ता म्हणेल, छान झालं, बाई निरोगी पट्ट्यात आली. भारतीय रेघही ओलांडलेली नाही. पण वाढलेले दहा किलो मुख्यतः कंबरेवर आले असतील, तर तिच्या शरीराचं जे झालं ते तक्त्याच्या शाबासकीशी जुळत नाही. तिची कंबर मोजली तरच ते कळेल. सोयीचा नियम असा, की कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असावा. म्हणजे तिच्यासाठी ७५ सेंटिमीटर.

आशाताईंकडे असणारा जोखीम तपासणीचा फॉर्म बीएमआय विचारत नाही, कंबर विचारतो, हे चांगलं आहे. वय, तंबाखू, दारू, कंबर, हालचाल आणि घरातला आजार यांचे गुण धरतात, आणि चारच्या वर गेले की त्या व्यक्तीला तपासणीसाठी पुढे काढायचं. पण हा फॉर्म तिशीपासून पुढच्या लोकांसाठी आहे. राबणारा, सडसडीत, बत्तीस वर्षांचा शेतकरी त्यात वयाचा एक गुण घेऊन सुटू शकतो, आणि अठरा वर्षांचा मुलगा तर फॉर्मच्या बाहेरच. जन्मवजनाचा रकाना कुठेच नाही, खरं तर आता बाळाच्या कार्डावर ते लिहिलेलं असतं.

यात आणखी एक गुंता आहे. प्रत्येक बारीक रुग्ण आतून चरबीदारच असेल असं नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये निहाल थॉमस आणि न्यूयॉर्कच्या मेरिडिथ हॉकिन्स यांनी २०२२ मध्ये अतिशय कमी बीएमआय असलेल्या, लहानपणापासून कुपोषित राहिलेल्या मधुमेही पुरुषांचा बारकाईने अभ्यास छापला. त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची अडचण फारशी नव्हती. इन्सुलिनच तोकडं पडत होतं. जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणजन्य मधुमेह १९८५ मध्ये वर्गीकरणात घेतला होता आणि १९९९ मध्ये काढून टाकला होता. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप-५’ म्हणून पुन्हा जागा दिली. सातपुड्यातल्या दवाखान्यात १७ बीएमआयचा मधुमेही आला तर तो यातल्या कोणत्या वाटेने आला, हे काटा सांगणार नाही. उपचार मात्र त्यावरच ठरणार. लठ्ठ रुग्णासाठीचा ‘वजन उतरवा, खाणं कमी करा’ हा सल्ला या माणसाला दिला तर ते औषध नव्हे, अपाय ठरेल.

पुण्याचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे चिकटवताही येणार नाहीत. तिथे बी-१२ च्या कमतरतेमागे दूध-मांस कमी असलेला आहार होता; इथे मासे, कोंबडी, बोकड वर्ज्य नाहीत, मात्र मिळतात किती आणि कोणाच्या ताटात पडतात हा प्रश्न आहे. इथल्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल आहे, आणि तो आजार असलेलं मूल वजनाने मागे राहतं त्याचं कारण निव्वळ अन्न नसतं. सातपुड्याचं उत्तर सातपुड्यातच, तिथल्या बाळांना मोजून काढावं लागेल.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये, की सॅम बालकाला जास्त खाऊ घातलं तर पुढे शुगर होईल. लाल पट्टीतलं बाळ आज जगवायचं असतं. त्यात विचार करायला जागा नाही. पुण्याचा धडा त्याच्या ताटात काय असावं याबद्दल आहे. वजन कशानेही वाढतं. स्नायू वाढायला डाळ, अंडं, दूध, मासळी लागते. राज्याने २०१५ मध्ये आदिवासी भागात सुरू केलेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं शिजवलेलं चौरस जेवण मिळतं. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं किंवा केळं. दिशा अचूक आहे. फक्त योजनेचं दार गरोदरपणात उघडतं, आणि पुण्यात दिवस जाण्याआधीचं ४२ किलो वजनही मोजणं गरजेचं ठरलं होतं. म्हणूनच पुण्याच्या गटाने पुढे त्याच अभ्यासातल्या मुलामुलींना किशोरवयातच बी-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकं देऊन पाहण्याचा प्रयोग हाती घेतला: आई होण्याच्या आधीच आईला सावरायचा.

नंदुरबारमध्ये तसं करायला नवं यंत्र लागत नाही. आश्रमशाळांतल्या नववी-दहावीच्या मुली एका छपराखाली भेटतात. त्यांच्या जेवणात अंडं आणि डाळ भरपूर पडली, त्यांचं रक्त आणि वजन नियमित तपासलं, तर पुढच्या पिढीच्या मधुमेहावरचं काम तिथेच सुरू होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात वजनकाट्याशेजारी टेप लटकवली, जन्मवजन हलकं असलेल्यांची साखर विशीच्या आतच एकदा पाहिली, तर पुण्याला जे कळायला अठरा वर्षं लागली ते इथे वेळेवर कळेल.

बीएमआय टाकून द्यायचं कारण नाही. हजारो लोकांत कुठे लक्ष द्यायचं ते त्यावरून चटकन समजतं, आणि १७ वर असलेली मुलगी आज पोटभर जेवत नाही ही खबरही तोच देतो. त्याच्या पलीकडचं, म्हणजे अंगात मांस किती, चरबी कुठे, स्वादुपिंडात दम किती, हे त्याला विचारू नये. आणि सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीच्या बारीक तरुणाला तहान फार लागते, थकवा जात नाही म्हणून दवाखान्यात यावं लागलं, तर ‘तू एवढा सडपातळ, तुला कसली शुगर’ म्हणून परत पाठवायला तर त्याचा आधार कधीच घेऊ नये. बोटावर एक टोचणी आणि अर्धं मिनिट, एवढ्यात शंका फिटते.